तिकिटावरची वेळ नेमकी कशाची?

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला वेळेचे महत्त्व शिकवावे लागत नाही. बोरिवलीचा नोकरदार 'पावणेनऊची गाडी' असे मोघम बोलत नाही. तो 'आठ-त्रेचाळीसची फास्ट' म्हणतो आणि ती तीन मिनिटे उशिरा आली तर फलाटावर शेजारच्या अनोळखी माणसापाशी रेल्वेचा उद्धार करतो. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडणाऱ्या मुलीला जिना उतरायला किती वेळ लागतो हे पाठ असते. मुलुंडच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, शाळेची बस आणि नळाला पाणी येण्याची वेळ यांचे एक वेळापत्रक असते आणि त्यात पाच मिनिटांचीही फट नसते. अशी ही मिनिटांवर जगणारी माणसे रविवारी संध्याकाळी सहकुटुंब सिनेमाला निघतात, तिकिटावर सव्वासहा अशी वेळ वाचतात, धावतपळत सहा-दहाला खुर्चीत येऊन टेकतात आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे जाहिराती पाहत बसतात. रेल्वेला तीन मिनिटांसाठी बोल लावणारा हाच माणूस इथे मात्र मुकाट असतो.

या जाहिरातींचा क्रमही आता तोंडपाठ झाला आहे. आधी जवळपासची दागिन्यांची पेढी. मग पोहण्याच्या तलावासह बांधला जाणारा चाळीस मजली टॉवर. मग दहावी-बारावीचे क्लासेस, मोटारी, म्युच्युअल फंड आणि वेलचीच्या नावाखाली आपले खरे नाव लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवणारा एखादा पान मसाला. मधूनच त्याच चित्रपटगृहाच्या पॉपकॉर्नची जाहिरात येते. म्हणजे ज्याच्या दारात आपण आलो आहोत तोच पुन्हा आपल्याला बोलावतो. मग दिवे मंदावतात, सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येते, सभागृह शांत होते, मुले सरसावून बसतात आणि ते प्रमाणपत्र पुढच्या महिन्यात येणाऱ्या चित्रपटाच्या ट्रेलरचे निघते. असे दोन-तीनदा झाले की चौथ्यांदा खरे प्रमाणपत्र येते तेव्हा कोणी लक्षच देत नाही.

ही कुरबुर बहुतेकांच्या घरी परतीच्या रिक्षेतच संपते. बेंगळुरूच्या एका प्रेक्षकाने मात्र ती ग्राहक आयोगापर्यंत नेली. २६ डिसेंबर २०२३ रोजी त्याने 'सॅम बहादूर' या चित्रपटाच्या दुपारी चार वाजून पाच मिनिटांच्या खेळाची तिकिटे काढली होती. चित्रपट सुरू झाला साडेचारला. संपल्यावर त्याला कामावर परतायचे होते, ते गणित कोलमडले. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने पीव्हीआर-आयनॉक्स या कंपनीविरुद्ध निकाल दिला. मनस्तापासाठी २० हजार रुपये, दाव्याच्या खर्चापोटी ८ हजार आणि वर एक लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरावेत. शिवाय यापुढे चित्रपट प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ तिकिटावर छापावी, असा आदेश झाला. जाहिरातींमुळे उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांची सोय होते, असाही एक युक्तिवाद पुढे आला होता. वेळेवर येणाऱ्याने उशिरा येणाऱ्याची वाट पाहावी, हे न्यायाचे तत्त्व आयोगाला पटले नाही.

पुढे मार्च २०२५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली. एका ग्राहकाच्या तक्रारीचे आयोगाने जणू जनहित याचिकेत रूपांतर केले, असा न्यायालयाचा आक्षेप होता. कायद्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहेच. पण मूळ प्रश्न त्याने मिटत नाही. चार-पाच ही वेळ कशाची होती? चित्रपटाची, की जाहिरातींची?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सिनेमाआधीच्या जाहिराती ही काही मल्टिप्लेक्सने आणलेली साथ नव्हे. अंधेरीच्या नवरंगमध्ये, बोरिवलीच्या जया किंवा अजंठात, मुलुंडच्या मेहुलमध्ये, घाटकोपरच्या ओडियनमध्ये ज्यांनी तरुणपणी सिनेमे पाहिले त्यांना काचेच्या स्लाइड आठवत असतील. स्टेशनसमोरचे साड्यांचे दुकान, पलीकडचा चष्मेवाला, हाताने रंगवलेली वेडीवाकडी अक्षरे आणि 'पुढील खुर्चीवर पाय ठेवू नयेत' ही सूचना. डोअरकीपर बॅटरीच्या उजेडात जागा दाखवत असे आणि त्या उजेडातच निम्म्या स्लाइड निघून जात.

सरकारही मागे नव्हते. १९४८मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि तिचे समाचार चित्र किंवा माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले. बंधन केवळ दाखवण्याचे नव्हते. त्या फितीचे भाडेही चित्रपटगृहाने द्यायचे. पूर, धरणे, पंतप्रधानांचे दौरे आणि शेवटी क्रिकेट, असा तो ठरलेला बेत असे. या सक्तीविरुद्ध चित्रपटगृहांचे मालक न्यायालयात गेले; १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्ती वैध ठरवली. आज स्वतःच्या जाहिराती दाखवताना प्रेक्षकाच्या वेळेचा विचार न करणारा हा व्यवसाय तेव्हा दुसऱ्याची फिल्म दाखवावी लागते म्हणून तक्रार करत होता, हे जाता जाता नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

आणि जाहिराती नेहमी कंटाळवाण्याच असत असेही नाही. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या त्या १ जानेवारी १९७६पासून. तोपर्यंत हलत्या चित्रांतली जाहिरात पाहायची तर ती चित्रपटगृहातच. पेंढारकरांच्या विकोची दंतमंजने आणि मलमे घरोघरी पोहोचली त्यात रुपेरी पडद्याचा वाटा मोठा होता. धबधब्याखाली न्हाणारी लिरिलची मुलगी १९७५च्या सुमारास प्रथम पडद्यावरच दिसली आणि ती पाहायला लोक वेळेवर येत, हेही खोटे नाही. एवढेच कशाला, चित्रपटगृहांत जाहिरातपट पुरवणाऱ्या ब्लेझ या संस्थेनेच श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'ला १९७४मध्ये पैसा पुरवला. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका'वर आधारलेला 'भूमिका'ही याच संस्थेचा. साबण-मंजनाच्या फितींतून आलेल्या पैशाने आपल्याकडच्या समांतर सिनेमाचे पाळणाघर चालवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग आता बिघडले काय? बिघडले ते प्रमाण, आणि त्याहूनही अधिक म्हणजे सौदा. तेव्हाचे तिकीट काही रुपयांचे असे आणि जाहिरातींमुळे ते स्वस्त राहते अशी निदान समजूत तरी होती. आज चार जणांच्या कुटुंबाला शनिवार-रविवारी तिकिटांपोटी हजार-दीड हजार रुपये सहज मोजावे लागतात. खाण्याचे वेगळेच. बाहेरचा डबा आत नेता येत नाही. २०१८मध्ये मुंबईत त्यावर आंदोलने झाली, मंत्र्यांनी घोषणा केली, पण जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाणे रोखण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे असे सांगितले. पिण्याचे पाणी तेवढे फुकट द्यायचे. म्हणजे तिकिटाचे पैसे दिले, खाण्याचे दिले आणि त्यानंतर तिसरी वसुली वेळेच्या रूपात होते. पहिल्या दोन वसुल्यांची पावती मिळते, तिसरीची मिळत नाही.

जाहिरातदार नेमके काय विकत घेतो, हे पाहिले म्हणजे या तिसऱ्या वसुलीचे मोल कळते. घरी टीव्हीवर जाहिरात लागली की आपण उठून भाजी ढवळून येतो. वर्तमानपत्रात पान उलटतो. हा लेखही बहुधा एखाद्या जाहिरातीला चिकटूनच छापला जाईल आणि वाचक तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ शकेल. चित्रपटगृहात अंधार असतो, आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि चित्रपट कधी सुरू होईल याचा भरवसा नसल्यामुळे उठता येत नाही. हा न उठणारा प्रेक्षक, हाच तो विकला जाणारा माल. अडीचशे माणसे पंचवीस मिनिटे म्हणजे शंभराहून अधिक तास होतात. ते तास आपले असतात, विकतो दुसराच.

चित्रपटगृहवाल्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. मॉलमधल्या जागेचे भाडे प्रचंड असते. तिकिटाच्या पैशातला मोठा हिस्सा, पहिल्या आठवड्यात तर साधारण निम्मा, वितरकाकडे जातो. जाहिरातीचा आणि पॉपकॉर्नचा पैसा मात्र चित्रपटगृहाकडेच राहतो. करोनाच्या काळात महाराष्ट्रातले पडदे दीर्घकाळ बंद होते आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले तेव्हा लोकांना घरबसल्या सिनेमा पाहायची सवय लागून गेली होती. अशा धंद्याने जाहिराती घेऊच नयेत असे म्हणणे बरोबर होणार नाही. फक्त, घरबसल्या पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला पुन्हा चित्रपटगृहात ओढायचे असेल तर त्याला पंचवीस मिनिटे ताटकळत ठेवणे हा उपाय कोणत्या शहाण्याने सुचवला, हे कळत नाही.

'कायद्यानेच काही गोष्टी दाखवाव्या लागतात' असेही सांगितले जाते. खरे आहे, पण किती? तंबाखूविरोधी संदेशाचे नियम २०१२पासून लागू आहेत. त्यानुसार चित्रपटाआधी तीस सेकंदांचा संदेश आणि वीस सेकंदांची सूचना दाखवायची, आणि मध्यंतराच्या सुमारास पुन्हा. महाराष्ट्रात २००३पासून चित्रपटाआधी राष्ट्रगीत होते. देशभरासाठी सर्वोच्च न्यायालयाने ते २०१६मध्ये सक्तीचे आणि २०१८मध्ये ऐच्छिक केले, पण आपल्याकडची प्रथा चालू राहिली. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. हे सगळे मिळून दोन मिनिटेही भरत नाहीत. एखादा सरकारी लघुसंदेश त्यात धरला तरी आणखी काही मिनिटे. उरलेला वेळ टॉवरचा आणि दागिन्यांचा असतो. त्याचे खापर कर्करोगाच्या संदेशावर आणि राष्ट्रगीतावर फोडणे बरे नव्हे.

टीव्ही वाहिन्यांसाठी निदान कागदावर तरी मर्यादा आहे. केबल टेलिव्हिजनच्या नियमांत तासाला बारा मिनिटे जाहिराती, त्यांतली दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांसाठी, असे लिहिलेले आहे. ते किती पाळले जाते हे रोज रात्री मालिका पाहणाऱ्यांना सांगायला नको. पण ज्या माध्यमाचा रिमोट प्रेक्षकाच्या हातात आहे त्याला मर्यादा घालावी असे वाटले, हे लक्षात घ्यावे. जिथे रिमोट नाही, उलट दाराशी तिकीट तपासून आत घेतले जाते, तिथे तर तिची गरज अधिक.

यावर सोपा उपाय म्हणून 'वीस मिनिटे उशिरा जा' असे सांगणारे भेटतात. तरुण मंडळी तसे करतातही. परिणाम असा की चित्रपटाचा पहिला प्रसंग चालू असताना मोबाइलचे दिवे पेटतात, 'एफ बारा कुठे आहे' अशी विचारणा होते आणि वेळेवर आलेल्यांच्या गुडघ्यांवरून रांगच्या रांग पुढे सरकते. शिवाय हा जुगार आहे. गर्दीच्या रविवारी पंचवीस मिनिटे जाहिराती असतील, तर मंगळवारी दुपारी दहाच मिनिटांत चित्रपट सुरू होईल. रहस्यपटाची पहिली दहा मिनिटे हुकली तर पुढचे दोन तास शेजाऱ्याला विचारत काढायचे.

आणि ज्यांना उशिरा जाणे जमत नाही त्यांचे काय? सत्तरीच्या आजोबांना अंधारात पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून ते दिवे असतानाच येऊन बसतात. त्यांची बैठक तीन तासांपलीकडे गेली की कंबर बोलू लागते आणि जेवणाआधीची गोळी लांबते. पाच वर्षांच्या नातवाचा उत्साह राष्ट्रगीतापर्यंत टिकतो. चित्रपट रंगात येतो तेव्हा त्याला झोप लागलेली असते. रात्रीच्या खेळाला आलेल्यांचे गणित आणखी नाजूक. सव्वानऊचा अडीच तासांचा चित्रपट पावणेबाराला सुटायला हवा. तो मध्यंतर आणि जाहिराती धरून साडेबाराकडे सरकला की शेवटच्या गाड्या, बंद होणारी मेट्रो आणि मनाला येईल ते भाडे मागणारी रिक्षा, अशी साखळी सुरू होते. गाडी घेऊन आलेल्याचे मॉलमधले पार्किंगही तासावर चालते. पंचविसाव्या मिनिटाने तिसऱ्या तासाचा चौथा तास झाला, तर त्याचे पैसे जाहिरातदार देत नाही.

मराठी वाचकाने विचार करावा अशी एक बाजू तर सहसा बोललीच जात नाही. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये खेळ मिळत नाहीत, मिळाले तर सकाळी दहाचे किंवा दुपारी दोनचे मिळतात, ही तक्रार जुनी आहे. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देण्याची घोषणा केली. तेव्हा केवढे वादळ उठले! अखेर ही वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणून तडजोड झाली. पडदा रिकामा नाही, वेळ बसत नाही, हे उत्तर आजही निर्मात्यांना मिळते. आता साधा हिशेब करू. एका पडद्यावर दिवसाला पाच खेळ आणि दर खेळाला पंचवीस मिनिटे धरली तर सव्वाशे मिनिटे होतात. दोन तास आणि वर पाच मिनिटे. आपले कितीतरी मराठी चित्रपट एवढ्याच लांबीचे असतात. जाहिराती कमी केल्या की तो वेळ लगेच मराठी चित्रपटाच्या पदरात पडेल, इतके भोळे कोणी नाही. तिथे दुसऱ्याच हिंदी चित्रपटाचा खेळ लागण्याचीही शक्यता आहे. पण वेळ नाही असे सांगणाऱ्याला तो वेळ कुठे गेला हे विचारता येते.

आपल्याकडे याबाबतीत दूर जाऊन शिकण्याची गरज नव्हती. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, पार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास, कुठेही जा; तिसरी घंटा म्हणजे काय हे लहान मुलालाही समजते. मराठी नाटक वेळेवरच सुरू होते असा दावा कोणी करू नये. नट मुंबईबाहेरच्या प्रयोगावरून येताना वाटेत अडकला की अर्धा तास बटाटेवड्याच्या आधाराने काढावा लागतो. तिथेही प्रायोजकांचे आभार मानले जातात, आगामी प्रयोगांच्या घोषणा होतात. पण पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा असा प्रेक्षकाला निरोप जात असतो. चहा अर्धा सोडून आत यायचे की शांतपणे संपवायचा, हे त्याचे त्याला ठरवता येते. मल्टिप्लेक्सच्या झगमगत्या बाहेरच्या दालनात सर्व काही असते, फक्त ही घंटा नसते.

अमेरिकेत हेच दुखणे आहे. तिथे २००३मध्येच शिकागोत एका मोठ्या चित्रपटगृह साखळीविरुद्ध याच कारणासाठी दावा झाला होता. २०२५च्या सुरुवातीला कनेक्टिकट राज्यात, चित्रपट सुरू होण्याची खरी वेळ जाहीर करणे बंधनकारक करावे असे विधेयक मांडले गेले. त्याच वर्षी एएमसी या तिथल्या सर्वांत मोठ्या साखळीने तिकीट घेतानाच, चित्रपट दिलेल्या वेळेनंतर पंचवीस ते तीस मिनिटांनी सुरू होईल, असे सांगायला सुरुवात केली. जाहिराती तिने कमी केल्या नाहीत, उलट वाढवण्याची वाट धरली. तरी निदान प्रेक्षकाला सांगून केले. ज्याला जाहिराती पाहायच्या आहेत तो आधी येईल, ज्याला नकोत तो निवांत जेवून येईल.

आपल्याकडे मागणी करायची ती एवढीच, आणि ती करताना जाहिरातींना शिव्या घालण्याचे कारण नाही. तिकिटावर दोन वेळा छापाव्यात: दार उघडण्याची आणि चित्रपट सुरू होण्याची. चित्रपट किती मिनिटांचा आहे हे प्रमाणपत्रावर असतेच, मध्यंतर किती हे चित्रपटगृह ठरवते, जाहिराती कोणत्या खेळाला किती हे त्यांच्या संगणकात आधीच भरलेले असते. म्हणजे खरी वेळ त्यांना ठाऊक असते. ठाऊक असूनही जी सांगितली जात नाही ती माहिती दडवलेली समजायची की नाही, हा ग्राहक कायद्याचा प्रश्न आहे. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणारी माहिती आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर जुन्यापेक्षा अधिक कडक आहे.

हा प्रश्न इथे कोणी तरी विचारायला हवा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून काम करते आहे. ग्राहकाने रांगेत मुकाट उभे राहू नये, हे उपनगरांतल्या मध्यमवर्गाला तिनेच शिकवले. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यासाठी पुरावा मात्र लागेल. तिकीट मोबाइलवर असेल तर ते पुसून टाकू नये, खुर्चीत बसल्यावर घड्याळ पाहावे, चित्रपटाचे खरे प्रमाणपत्र पडद्यावर कधी आले ती वेळ तिकिटाशेजारी लिहून ठेवावी. पडद्याचे छायाचित्र घेऊ नये. त्यावर चोरीच्या चित्रणाचा आक्षेप घेतला जाऊ शकतो.